मंडळाच्या इतिहासात आम्ही कुठे?
नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या कबड्डी मंडळाने स्मरणिका काढली. पानोपानी पुढारी, ढाली, हारतुरे. आम्हा मुलींचा संघ दोन ओळींत आटोपला! पाहुण्या संघांसाठी भाकरी आम्हीच थापल्या आणि चढायाही केल्या. पण नाव एकीचेही नाही.

आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, बायकांची २०१० साली. मधली २० वर्षे आमचा दम कमी पडत होता का? दम होता, मैदान दिले नाही. ‘लग्नानंतर मुली खेळत नाहीत,’ असे पदाधिकारी सांगतात. खेळत नाहीत, की खेळू देत नाहीत?

मैत्रिणींनो, ट्रंकेतले फोटो, प्रमाणपत्रे बाहेर काढा. आपला इतिहास आपणच लिहू. आणि कार्यकारिणीत निम्म्या जागा मागू, उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून!