खुर्ची रिकामी, धुराडे चालू

कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघू लागला की शेजारच्या वस्तीतले लोक हमखास विचारतात, ‘प्रदूषण मंडळाचे अधिकारी झोपा काढतात काय?’ पुष्कळदा हे अधिकारी झोपलेले नसतात, तर मुळात नेमलेलेच नसतात!

महाराष्ट्राचे मंडळ १९७० मध्ये स्थापन झाले, ते पाण्याच्या प्रदूषणासाठी. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने हवेची राखणही राज्यांच्या मंडळांकडे सोपवली. कारखान्याला संमतिपत्र द्यायचे की नाही, हे मंडळ ठरवते. अटी मोडणाऱ्या कारखान्याची वीज तोडण्याचा आदेशही ते देऊ शकते. अधिकार मोठे आहेत, पण ते वापरायला माणसे हवीत.

हवा तपासण्याचे कामच पाहा. शहरात जेथे स्वयंचलित यंत्रे नाहीत, तेथे आठवड्यातून दोनदा कर्मचारी गच्चीवर चढतो, यंत्रात गाळणकागद बसवतो, ठरलेल्या तासांनी तो बदलतो. आधी आणि नंतर कागदाचे वजन करून धूळ मोजली जाते. धुराड्यातला धूर तपासायचा तर थेट धुराड्यावर चढून नमुना घ्यावा लागतो. ही पदे रिकामी राहिली की एकाच अधिकाऱ्याच्या वाट्याला शेकडो कारखाने येतात. मग तपासणी कागदावर उरते आणि संमतिपत्रे मात्र निघत राहतात.

वरच्या खुर्च्यांची कथा निराळी नाही. अध्यक्षाला पर्यावरण संरक्षणाचे विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असावा, सदस्य सचिव पूर्णवेळ असावा, असे कायदा सांगतो. तरीही अनेक राज्यांत अध्यक्षपद राजकारण्यांच्या सोयीसाठी वापरले गेले किंवा एखाद्या सनदी अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून गेले. या प्रथेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बोट ठेवले. सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना नेमणुकीचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने दिल्ली, हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांना रिकामी पदे ३० एप्रिल २०२५ पर्यंत भरण्यास बजावले. मुदत उलटली, तेव्हाही दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीतली निम्म्याहून अधिक पदे रिकामीच होती. ज्या दिल्लीत दर हिवाळ्यात खोकणाऱ्या मुलांना घेऊन आईवडील दवाखान्यात रांगा लावतात, तिथली ही गत! शेवटी न्यायालयाला अवमानाच्या नोटिसा काढाव्या लागल्या.

सामान्य नागरिकाच्या हातातही थोडेफार आहे. आपल्या विभागीय कार्यालयात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि शेजारच्या कारखान्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे तीन प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली विचारता येतात. हवा कायद्याच्या कलम ४३ नुसार साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रारही नेऊ शकतो. गृहनिर्माण संस्थेने किंवा महिला मंडळाने मिळून असा अर्ज करावा. एकट्याचा अर्ज फायलीत हरवू शकतो. पन्नास सह्यांच्या अर्जाला उत्तर देणे मात्र साहेबांना टाळता येत नाही.