जिद्दीपेक्षा वाटणी मोलाची

पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ पूर्ण करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द आपल्या घरांत क्वचितच उच्चारला जात असे. आता नागपूरजवळच्या झिल्पी तलावाकाठी ‘टायगरमॅन’ ट्रायथलॉन झालेली आपण पाहिली आहे. गोव्यातही २०१९ पासून मोठी स्पर्धा सुरू झाली. साहजिकच घरातील मुले-नातवंडे उत्साहाने म्हणतात, “आजोबा, आमच्या चमूत या ना! रिले आहे, तुमच्या वाट्याला थोडेसेच येईल.” हे ‘थोडेसेच’ नेमके किती, आणि बेताच्या सरावावर ते पेलावे का, याचा विचार आज करू.

रिलेचे दोन प्रकार आहेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली प्रथमच झालेल्या मिश्र रिलेत दोन स्त्रिया व दोन पुरुष अशा चौघांचा चमू होता. त्यात प्रत्येकाने ३०० मीटर पोहून, ६.८ किलोमीटर सायकल चालवून व २ किलोमीटर धावून मग पुढच्या साथीदाराच्या हाताला स्पर्श करायचा होता. हौशी स्पर्धांत मात्र बहुधा एक जण पोहतो, दुसरा सायकल चालवतो, तिसरा धावतो. घोट्याला बांधलेली वेळ मोजणारी पट्टी एकाकडून दुसऱ्याकडे जाते. कुटुंबाच्या दृष्टीने हा दुसरा प्रकार सोयीचा. तरीही वाटा लहानच असतो असे नाही. गोव्याच्या स्पर्धेत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. ९० किलोमीटर म्हणजे नागपूरहून वर्ध्याला जाण्यापेक्षाही अधिक अंतर! नवख्याने त्याऐवजी ७५० मीटर, २० किलोमीटर व ५ किलोमीटरची ‘स्प्रिंट’ किंवा त्याहूनही आखूड शर्यत निवडावी.

वाटणीचे सामर्थ्य किती मोठे असते, हे नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दाखवून दिले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत त्यांनी दोघांचा चमू करून पूर्ण केली. एक सायकल चालवत असताना दुसऱ्याला विश्रांती मिळत असे. दोनच वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. या दोन्ही पराक्रमांमागे दीर्घ तयारी होती, हे विसरू नये. वाटणीने अंतर कमी होते. वाट्याला आलेल्या अंतराची तयारी मात्र ज्याची त्यालाच करावी लागते.

धोका कोठे असतो?

अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांच्या १९८५ ते २०१६ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा हृदय अचानक बंद पडणे अशा एकूण १३५ घटना त्यात आढळल्या. सहभागींच्या संख्येशी तुलना करता हे प्रमाण दर १ लाखामागे २ हूनही कमी होते. परंतु ६० वर्षांवरील पुरुषांत ते १८ च्या पुढे गेले होते. आणि १३५ पैकी ९० घटना पोहताना घडल्या होत्या.

हे आकडे घाबरवण्यासाठी नाहीत. वाटणी कशी करावी, हे ते सांगतात. तरणतलावात दर काही मीटरांवर धरायला भिंत असते, खाली तळ दिसतो. तलावात यांपैकी काहीच नसते. गार पाणी अंगावर येताच श्वास अडखळतो, भोवती इतरांचे हातपाय लागतात, छातीत धडधड वाढते आणि तिथेच थांबून बसता येत नाही. म्हणून पोहण्याचा वाटा उघड्या पाण्यात नियमित पोहणाऱ्यालाच द्यावा. तरुणपणी गावच्या विहिरीत सूर मारलेला असणे ही आजची पात्रता नव्हे. ज्येष्ठांनी सायकल किंवा पायी अंतर स्वीकारावे. धावण्याच्या टप्प्यात चालण्यास सहसा मनाई नसते. मात्र ठरलेल्या वेळेत अंतर पुरे होईल का, हे आधीच तपासावे.

आठ आठवड्यांची बेताची तयारी

सध्या रोज अर्धा तास न थकता चालणाऱ्यालाच आठ आठवड्यांची तयारी पुरेल. ज्यांचे चालणे सुटले आहे, त्यांनी या वर्षी प्रेक्षक व्हावे आणि पुढच्या वर्षाचा संकल्प करावा.

प्रथम आपल्या डॉक्टरांना भेटावे. रक्तदाब व ईसीजी पाहून पुढील तपासणी हवी का, ते तेच ठरवतील. विश्रांतीच्या वेळी काढलेला ईसीजी चांगला आला, तरी श्रमाच्या वेळचे सारे कळते असे नाही. म्हणून चालताना कधी छाती भरून आली असेल, चक्कर आली असेल, तर ते लपवू नये.

नागपुरात या तयारीला दिवाळीनंतरचा काळ उत्तम. वैशाखातील ४५ अंशांच्या उन्हात ज्येष्ठांनी सरावाचा विचारही करू नये. थंडीतही पहाटेची घाई नको; गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तदाब वाढतो. ऊन पडल्यावर सेमिनरी हिल्सच्या चढावापेक्षा सपाट, कमी रहदारीचा रस्ता निवडावा. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीन दिवस, आपले नेहमीचेच अंतर. पुढील चार आठवडे दर वेळी थोडीशीच वाढ. सातव्या आठवड्यात शर्यतीतील आपल्या वाट्याइतके अंतर एकदा सावकाश पूर्ण करावे, आणि शेवटच्या आठवड्यात श्रम निम्मे करावेत. शेवटच्या चार दिवसांत केलेला जादा सराव बळ देत नाही, केवळ थकवा देतो.

वेग मोजण्याची सोपी खूण अशी: श्रम करताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. रक्तदाबाच्या काही औषधांनी नाडीचा वेग दबलेला राहतो, त्यामुळे मनगटावरील घड्याळाच्या आकड्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दम काही आठवड्यांत सुधारतो. गुडघे, टाचा व त्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सावकाश बळावतात. दम वाढला म्हणजे पाय तयार झाले, असे नव्हे.

मधुमेहाच्या काही औषधांनी किंवा इन्सुलिनने श्रमानंतर साखर उतरू शकते, तर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी व क्षार कमी होतात. या औषधांत स्वतःहून बदल करू नये, डॉक्टरांना विचारावे. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडांसाठी घातक ठरू शकते, आणि थांबण्याची सूचना देणारी वेदनाही तिने झाकली जाते.

घरातला करार

नावनोंदणीपूर्वी साऱ्या चमूने एकत्र बसावे व एक करार करावा: “मी आता थांबतो,” असे कोणीही, कोणत्याही क्षणी म्हणू शकेल आणि त्याला कारण विचारले जाणार नाही. एकट्याच्या शर्यतीत माणूस स्वतःसाठी धावतो. रिलेत ‘माझ्यामुळे सर्वांचे हुकेल’ या संकोचाने तो धोक्याच्या खुणाही सोसतो. छातीवर दडपण, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, न ओसरणारी धाप यांपैकी काहीही जाणवले, तर जागीच बसावे, स्वयंसेवकाला बोलवावे. सरावात असाल तर १०८ क्रमांकावर फोन करावा.

आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी शेवटी एक उदाहरण. जपानचे हिरोमु इनादा यांनी पत्नीच्या आजारपणात तिची काळजी घेण्यासाठी साठाव्या वर्षी नोकरी सोडली. त्याच काळात प्रकृतीसाठी ते पोहू लागले. पहिली ट्रायथलॉन त्यांनी सत्तराव्या वर्षी केली, आणि २०१८ साली, वयाच्या ८५ व्या वर्षी, हवाईतील जगद्विख्यात ‘आयर्नमॅन’ पूर्ण केली. साठाव्या वर्षी पाण्यात उतरलेल्या या गृहस्थांनी पहिल्या शर्यतीआधी दहा वर्षे जाऊ दिली, हे ध्यानात घ्यावे.

आपल्या घरी अशी सेवा करणारी सून, मुलगी किंवा पत्नी असेल, तर आठवड्यातून तीन वेळा एक तास तिच्या कामाची पट्टी दुसऱ्या कोणीतरी हाती घ्यावी. तिने स्पर्धेत उतरावेच असे नाही. तो तास तिला चालण्यासाठी मिळाला, तरी घरातली रिले सुरू झाली म्हणायची.