रोबोच्या शर्यतीत भाटघरची पोरं कुठे आहेत?

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण ज्याला डोळ्यांनी पाहायची असेल त्याने एप्रिल-मे महिन्यात भोर तालुक्यात यावे. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण ब्रिटिश सरकारने १९२८ साली पूर्ण केले. साडेतेवीस टीएमसी पाणी साठवणारे हे धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी १६ मेगावॅटचे वीजगृह आहे. हे पाणी नीरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते आणि तिथला ऊस पिकवते. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्या वरच्या अंगाच्या वाड्या-वस्त्यांतील आयाबहिणी मात्र उन्हाळ्यात हंडे घेऊन डोंगर चढतात-उतरतात. धरणाच्या बांधकामात खोट नव्हती. पाणी कोणाला द्यायचे हे ठरविणाऱ्यांच्या टेबलाजवळ या वस्त्यांचा एकही माणूस नव्हता, ही खरी खोट होती.

हे जुने रडगाणे आज कशाला, असे कोणी विचारील. आम्ही ते अशासाठी सांगतो की, आज दुसरा कालवा खोदला जात आहे आणि त्याचेही पाणी आमच्या दारावरून पुढे जाणार, अशी चिन्हे दिसत आहेत. हा कालवा यंत्रज्ञानाचा आहे.

पुणे हे रोबो स्पर्धांचे शहर आहे. आशिया-पॅसिफिक देशांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली. आता हे लोण शाळांपर्यंत आले आहे. मोठ्या फीच्या शाळांत पाचवी-सहावीची मुले सुटे भाग जोडून रोबो बनवितात, त्याला सूचना लिहितात, संघ करून स्पर्धेला जातात, परदेशीही जातात. याचा आम्हाला हेवा नाही. मुलांनी हाताने काहीतरी बनवावे, चुकावे, पुन्हा बनवावे, यापेक्षा चांगले शिक्षण कोणते? पण या स्पर्धेचे दार कोणाला उघडे आहे? परदेशी कंपनीच्या एका किटची किंमत शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीइतकी असते. त्यावर प्रवेश फी, प्रशिक्षकाचा पगार आणि प्रवासखर्च. इतके भरल्यावर जे पदक मिळते त्याला 'गुणवत्ता' म्हणायचे! आणि भाटघरच्या मागच्या वाडीतला पोरगा शर्यतीत दिसत नाही म्हणून त्याच्यात गुणवत्ताच नाही, असा निकाल द्यायचा!

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०१६ पासून केंद्राची 'अटल टिंकरिंग लॅब' योजना आहे. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशात अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा झाल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा झाली आहे. पण योजनेची मूळ अट वाचा. मैदानी प्रदेशातील शाळेकडे दीड हजार चौरस फूट बांधीव जागा हवी, आणि योजना सहावी ते बारावीसाठी. डोंगरातल्या आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळा बहुतेक पहिली ते चौथीच्या. दोन खोल्या, दोन शिक्षक. म्हणजे अर्ज करण्याआधीच शाळा बाद! कोणी जातीचे नाव घेतले नाही, कोणी हाकलून दिले नाही. तरीही बौद्धवाडीचा, कातकरी वस्तीचा, महादेव कोळी आणि धनगर वस्तीचा मुलगा दाराबाहेरच राहिला.

त्यात ही शाळाच उद्या राहील की नाही याची खात्री नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १५ हजार शाळा आहेत. २०२३ मध्ये त्यांच्या 'समूह शाळा' करण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा नमुना म्हणून दाखविली गेली ती आपल्या शेजारच्या वेल्हे तालुक्यातील, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातील, पानशेतची शाळा. समूह शाळेत प्रयोगशाळा येईल, संगणक येईल, असे सांगितले जाते. येवोत. पण पावसाळ्यात ओढा भरला आणि गाडी आली नाही, तर सात वर्षांची मुलगी त्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचणार कशी? वस्तीवरची शाळा मोडून मिळणारी प्रयोगशाळा आम्हाला नको. शाळा ठेवा आणि प्रयोगशाळा तिच्याजवळ आणा.

गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांना आम्ही अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. २००४ साली अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्सच्या कार्ल हेडन या गरीब वस्तीतील सरकारी शाळेच्या चार मुलांनी पाण्याखाली चालणारा रोबो बनविला. चौघेही मेक्सिकोहून आलेल्या मजूर कुटुंबांतले, कोणाकडेही कायदेशीर कागदपत्रे नव्हती. सुमारे ८०० डॉलर गोळा करून, प्लंबिंगचे प्लास्टिक पाइप जोडून बनविलेल्या त्या रोबोने जगप्रसिद्ध एमआयटीच्या संघाला हरविले. संधी मिळाली की काय होते, ते यातून दिसते. पण हकीकत इथे संपत नाही. त्यांतल्या एकाला अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावरही कागदपत्रांसाठी देश सोडून मेक्सिकोला परतावे लागले. एका दिवसाच्या टाळ्यांनी व्यवस्था बदलत नाही. त्यासाठी पुढची वाट सरकारनेच बांधावी लागते.

हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी स्पष्टपणे मांडले की, केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. ते गरिबाच्या ऐपतीबाहेरचे असल्याने सरकारी मदतीशिवाय हे क्षेत्र त्याला कधीच खुले होणार नाही, असेही त्यांनी बजावले होते. या प्रयत्नांतूनच पुढे शिष्यवृत्तीसाठी तीन लाख रुपयांची तरतूद झाली. ऐंशी वर्षांहून अधिक काळ लोटला. किटच्या किमतीकडे पाहिले की ते निवेदन आजच लिहिल्यासारखे वाटते.

पण आमचा आग्रह केवळ पदकासाठी नाही. यंत्र कोणते काम करील, हे यंत्र बनविणारा ठरवितो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणसे गुदमरून मरत आली. मरणारे कोण, हे वाचकांना सांगायला नको. २०१३ मध्ये कायदा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. यंत्र मात्र अगदी अलीकडे आले. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनविलेला मॅनहोल साफ करणारा रोबो २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. मंगळावर यान पाठविणाऱ्या देशाला गटारात उतरणारे यंत्र सुचायला इतकी वर्षे का लागली? कारण ज्यांच्या हाती यंत्रविद्या होती त्यांच्या घरचे कोणी गटारात उतरत नव्हते आणि ज्यांच्या घरचे उतरत होते त्यांच्या हाती यंत्रविद्या नव्हती. हात एकीकडे आणि विद्या दुसरीकडे, ही फाळणी जातिव्यवस्थेने केली आहे. रोबोच्या स्पर्धेत चेंडू उचलून टोपलीत टाकणारा रोबो बनवायला आमची हरकत नाही. पण वाडीची टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारे, भातखाचरातल्या पाण्याची पातळी सांगणारे, आईच्या डोक्यावरचा हंडा उतरविणारे यंत्र कोण बनविणार? ते आमचीच पोरे बनवतील, कारण तो प्रश्न त्यांच्या घरातला आहे.

आणि त्याला लाखाचे किट लागत नाही. इटलीत २००५ मध्ये तयार झालेल्या 'आर्डुइनो' या छोट्या पाटीचा आराखडा सर्वांना खुला आहे. त्यामुळे तिच्या नकला काही शे रुपयांत मिळतात. पाण्याची पातळी ओळखायला दोन तारा, एक रिले आणि ही पाटी, एवढ्यावर पंपाचे काम होते. आपल्याच पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. खेड्यातल्या मुलांना हाताने काम करीत विज्ञान शिकविता येते, हे त्या आश्रमाने दाखवून दिले. २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या सहकार्याने 'फॅब लॅब' उभी राहिली. पाबळला जे झाले ते भोरला का होऊ नये?

म्हणून आमची मागणी अशी आहे. भोर आणि राजगड तालुक्यांत प्रत्येक केंद्रशाळेला एक सामाईक कार्यशाळा द्या. तिची पेटी महिन्यातून दोनदा वाडीवरच्या शाळेत गेली पाहिजे. अनुसूचित जाती उपयोजनेचा आणि आदिवासी उपयोजनेचा पैसा त्यासाठी वापरा. समाजकल्याणच्या निवासी शाळांपासून सुरुवात करा. शिक्षकांनीही केंद्राच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत मुलांच्या कल्पना पाठवाव्यात. निवड झाली तर प्रतिकृती बनवायला मुलाला १० हजार रुपये मिळतात. नोंदणीला पैसे पडत नाहीत, तरी अनेक शाळा ती करीत नाहीत.

शेवटचा सवाल आमचा आम्हालाच आहे. १४ एप्रिलला गावोगाव डीजेवर जो पैसा एका रात्रीत उडतो, त्यात एका वस्तीची छोटी कार्यशाळा वर्षभर चालेल. आमची समाजमंदिरे आणि विहारे आठवड्यातले बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. तिथे दोन टेबले, एक सोल्डरिंगची इस्त्री, दहा पाट्या आणि शनिवारी संध्याकाळी दोन तास देणारा आमचाच एखादा नोकरदार इंजिनिअर असला तर काय बिघडते? आरक्षणाच्या वाटेने शिकून शहरात स्थिरावलेल्या बांधवांनी हे ऋण फेडायचे नाही तर कोणी फेडायचे?

भाटघरचे धरण बांधले तेव्हा आम्हाला कोणी विचारले नाही. नकाशा वाचता येणारा आमच्यात कोणी नव्हता. आज आहे. तरीही हा दुसरा कालवा आमच्या वस्तीला वळसा घालून गेला, तर त्या वेळी दोष केवळ सरकारला देऊन आम्हाला सुटता येणार नाही.