घरातला चांगला मोबाइल कुणाच्या खिशात?

जरीपटक्याच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात गेले की विक्रेता तीन आकडे सांगतो: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, रॅम किती आणि महिन्याचा हप्ता किती. घेणाराही तेवढेच विचारतो. आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय घेतला, कारण आयुष्मान कार्ड, आभा क्रमांक, तपासणीचे रिपोर्ट, ई-संजीवनीवरचा डॉक्टरांचा सल्ला ही सगळी कामे आता मोबाइलवरून होऊ लागली आहेत. अनेक सरकारी रुग्णालयांत आभाचा क्यूआर स्कॅन करून केसपेपरची नोंद होते. म्हणून साधा फोन, स्मार्टफोन आणि टॅब यांची तुलना करताना आमचा पहिला प्रश्न वेगळा आहे. घरात कुणी आजारी पडले, तर त्या वेळी हे यंत्र कुणाच्या हाती असेल?

आपल्या बहुतेक घरांतले उत्तर सर्वांना माहीत आहे. सर्वांत चांगला फोन कमावत्या मुलाकडे किंवा घरधन्याकडे असतो आणि सकाळी तो त्याच्याबरोबर कामावर जातो. घरी राहतात म्हातारे आईवडील, लहान लेकरे आणि त्या सगळ्यांचे औषधपाणी बघणारी बाई. तिच्याकडे एकतर फोन नसतो, नाहीतर काच तडकलेला, दुपारपर्यंत बॅटरी संपणारा, मुलाने टाकून दिलेला फोन असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 54 टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया 33 टक्के आणि पुरुष 57 टक्के होते. आयुष्मान कार्डासाठीचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर हिंगण्याला कंपनीत गेलेल्या मुलाच्या खिशात असेल, तर सासूला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सुनेने करायचे काय?

आधी साध्या, बटणांच्या फोनबद्दल बोलू. त्याला हसू नये. चार्ज दोन-तीन दिवस टिकतो, हातातून पडला तरी चालतो, मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन दिसली नाही तरी बटणे बोटांना कळतात. 108 ची रुग्णवाहिका, 104 चा आरोग्य सल्ला, मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा 14416 हे तिन्ही क्रमांक या फोनवरून लागतात, ओटीपीही येतो. सत्तरीतल्या माणसाजवळ असा एक फोन गळ्यात किंवा उशाशी असणे हे आम्ही औषधाच्या डबीइतकेच गरजेचे मानतो. रिचार्ज महाग पडतो, ही तक्रार खरी आहे. पण डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक ठेवायला लावले. डेटा वापरत नसलेल्या आजोबांसाठी तो पॅक नाव घेऊन मागावा. दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

साधा फोन आणि स्मार्टफोन यांच्या मधला एक प्रकार 2017 मध्ये जिओफोनच्या रूपाने आला. बटणांचा फोन, अडीच इंचाच्या आतली स्क्रीन, तरी इंटरनेट आणि पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपसुद्धा. अनेक घरांत पहिले इंटरनेट त्यानेच आणले. परंतु त्याच्या कायओएसवरचे व्हॉट्सॲप 2025 मध्ये बंद झाले. एवढ्याशा स्क्रीनवर रक्ततपासणीचा कागद वाचता येत नाही, ही अडचण आधीपासून होतीच. इंटरनेटसाठी म्हणून आज हा फोन घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टॅब डोळ्यांना आणि मानेला तुलनेने बरा. आठ-दहा इंचांच्या स्क्रीनवर अक्षर मोठे दिसते, माणूस तो थोडा लांब धरतो किंवा टेबलावर टेकवून ठेवतो. चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचे अंधूक दिसू लागते, त्यांना हा फरक लगेच कळतो. मुलांच्या अभ्यासासाठीही फोनपेक्षा टॅब बरा, कारण पाच-सहा इंचांच्या फोनवर तास-तास वाचताना पोर मान खाली घालून तो नाकाशी नेते. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते आणि मान जितकी वाकेल तितका मानेच्या स्नायूंवरचा ताण वाढतो. पण टॅब आडवे पडून छातीवर धरायचा असेल, तर त्याचे अर्धा किलोच्या आसपासचे वजन मनगटालाच त्रास देईल. शिवाय तो खिशात मावत नाही, दवाखान्यात कुणी नेत नाही, आणि बऱ्याच स्वस्त टॅबमध्ये सिम बसत नाही. म्हणजे घरी वायफाय नसेल तर पुन्हा कुणाच्यातरी फोनचे हॉटस्पॉट! अभ्यास करणारी दोन मुले घरात असतील तर टॅब जरूर घ्यावा. आजारपणाच्या कामासाठी म्हणून घेऊ नये.

त्यासाठी साधारण किमतीचा अँड्रॉइड स्मार्टफोनच ठीक. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी समोरासमोर बोलायला पुढचा कॅमेरा लागतो, जखमेचा किंवा पुरळाचा फोटो काढायला मागचा. दोन्ही साधे असले तरी चालते. ज्या मायबहिणींना शाळा फारशी मिळाली नाही त्यांच्यासाठी या फोनमध्ये एक मोठी सोय आहे, तिचा प्रचार फार कमी होतो: कळफलकावरचे माइकचे चिन्ह दाबून मराठीत बोलले की अक्षरे आपोआप उमटतात. सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठे करता येते. आयफोनमध्येही हे सारे आहे, पण त्याच्या एका हप्त्याच्या ओझ्यात आपल्या घरांतली आजीची बीपीची गोळी चुकते, हे आम्ही वस्तीत बघतो आहोत. त्या पैशात दोन चांगले अँड्रॉइड फोन येऊन उरतात, आणि दुसरा फोन रुग्णाची काळजी घेणाऱ्या बाईच्या हातात द्यावा. तिच्या नावाच्या सिमसह, तिच्या आधारला जोडलेल्या नंबरसह.

हा आग्रह धरण्यामागे सिकलसेल आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये 1958 साली छापून आला. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झाले. मधल्या साडेसहा दशकांत आपल्या किती घरांनी हा आजार सोसला, ते वाचकांना सांगायला नको. सिकलसेलच्या रुग्णाला रात्री दोन वाजता वेदनेचा झटका येतो. मेयोत किंवा मेडिकलला नेले की ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो: नेहमीचे हिमोग्लोबिन किती असते, रक्त शेवटचे कधी चढवले, हायड्रॉक्सियुरिया किती मिलिग्रॅमची चालू आहे? फाइल घाईत घरी राहते. त्या कागदांचे फोटो बरोबर आलेल्या माणसाच्या फोनमध्ये असतील, तर उपचार लवकर सुरू होतात. फोटो स्पष्ट यावेत, वेगळ्या अल्बममध्ये ठेवावेत आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये असावेत. कागदी फाइल मात्र टाकू नये. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

याच रुग्णांच्या डोळ्यांबद्दल एक गोष्ट अधोरेखित करतो. अंधूक दिसणे, डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा जाळे तरंगणे असे काही मुलाने सांगितले की घरचे म्हणतात, "मोबाइल बघून बघून झालं." मोबाइलने डोळे कोरडे होतात, कारण स्क्रीन बघताना पापण्या कमी मिटतात. डोकेही दुखते. पण सिकलसेलमध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडू शकतात, आणि सुरुवातीला काहीही जाणवत नाही. म्हणून दहा वर्षांवरील सिकलसेल रुग्णाची बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी नियमित व्हायला हवी. नजर अचानक कमी झाली तर फोन काढून घेऊन आठवडाभर वाट पाहू नका, त्याच दिवशी नेत्रविभागात न्या.

इतर मुलांसाठी नियम फार नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको. जेवताना हातात फोन देऊन घास भरवायची जी सवय पडली आहे, ती यात कुठेच बसत नाही. शाळकरी मुलांना रोज दीड-दोन तास बाहेर उजेडात खेळू दिले तर चष्मा लागण्याची शक्यता कमी होते. त्यासाठी मैदान लागते. ते वस्तीत कुठे उरले आहे, हा प्रश्न मनपाला विचारायचा आहे आणि तो आम्ही पुढच्या अंकात विचारू.

सीताबर्डीहून जुना फोन घेणाऱ्यांनी घेण्यापूर्वी सेटिंगमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती बघावी. 5 पेक्षा जुन्या आवृत्तीवर 2025 पासून व्हॉट्सॲप चालत नाही, आणि सरकारी ॲपनाही बहुधा त्याहून नवी आवृत्ती लागते. मागचे झाकण फुगलेले दिसले तर तो फोन स्वस्तातही घेऊ नये. बॅटरी फुगलेली असते आणि आपल्या उन्हाळ्यात ती धोक्याची ठरते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांचाही मार्ग बंद नाही. आरोग्यवर्धिनी केंद्रातून तिथले कर्मचारी ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरांशी जोडून देऊ शकतात. तिथे जाताना आधार कार्ड, जुने कागद आणि ज्या फोनवर ओटीपी येतो तो फोन, मग तो बटणांचा का असेना, बरोबर न्यावा.