सुरतेतला सगळ्यात भारी पोंक कुठे मिळतो?

डिसेंबर लागला की कॅन्टीनमध्ये एक वाद हमखास रंगतो. यंदा सगळ्यात भारी पोंक कुणाकडे? एक जण अडाजणला सरदार पुलाजवळच्या पोंकनगरीचं नाव घेतो, दुसरा आपल्या सोसायटीबाहेरच्या लारीसाठी जीव टाकतो, तिसरा मोबाइल काढून कुणाला किती तारे मिळालेत ते दाखवतो. खाण्यावरून भांडणं हा सुरतेत गुन्हा नाही. जेवावं सुरतेत नि मरावं काशीत, ही म्हण इथं शेंबडं पोरही ऐकवतं. पण माझं मत विचाराल तर हा वाद आपण चुकीच्या शब्दापासून सुरू करतो. 'कुठे' नंतर विचारा, आधी 'कधी' विचारा.

धुळे-नंदुरबारकडून यंदाच आलेल्या मित्रांसाठी सांगतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच. दाणा चिकातून पुढे सरकलाय पण अजून मऊ आहे, अशा वेळी ज्वारीचं कणीस कापायचं, भट्टीत भाजायचं, गरम असतानाच कापडी पिशवीत घालून काठीनं बडवायचं आणि पाखडून हिरवे दाणे मोकळे करायचे. आपल्याकडे गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कणीस हातावर चोळतात, भोवती दहा जण बसलेले, मध्ये चटणी नि गूळ. हात पोळतात, तोंड काळं होतं, आणि गप्पा संपत नाहीत. सुरतेत सोबत लिंबू-मिरीची शेव, साखरेचे दाणे आणि ताक. माल तोच, आपण तो बांधावर बसून खातो, इथं तो तोलून विकतात.

गंमत अशी की महाराष्ट्रात हुरडा पार्टीच्या पाट्या लागतात, तिथं गुळभेंडीच्या जोडीला 'सुरती' जातीचा हुरडा मिरवतात. म्हणजे पुणे-नगरचा माणूस सुरतेचं नाव घेऊन हुरडा खातो, आणि आमच्यासारखी खानदेशी घरातली सुरती पोरं पोंक खाताना "आजीच्या शेतातल्या दादरचा हुरडा याच्यापेक्षा गोड" म्हणून नाक मुरडतात. त्यातल्या निम्म्यांनी ते शेत बघितलेलंही नसतं, ते सोडा.

असले वाद सगळ्याच मोठ्या शहरांत चालतात. बीजिंगमध्ये भाजलेल्या बदकावरून चालतो. ज्याला जग पेकिंग डक म्हणतं, ते तिथं दोन घराण्यांत वाटलं गेलंय. ब्येनयीफांग हे हॉटेल आपली सुरुवात १४१६ पासून सांगतं आणि बंद भट्टीत बदक भाजतं. १८६४ साली सुरू झालेलं छ्वानजुदे उघड्या भट्टीत, फळझाडांच्या लाकडावर, बदक टांगून भाजतं. कुणाचं चांगलं, यावर तिथले लोक आपल्यासारखेच हमरीतुमरीवर येत असतील. पण बदक करायची रीत बघितली की दोन्हीकडची धडपड एकाच गोष्टीसाठी आहे हे कळतं. कातडी मांसापासून सुटी करण्यासाठी आत हवा भरतात, वरून साखरेचा पाक लावतात, टांगून वाळवतात, मग भाजतात. एवढं सगळं कशासाठी? कातडी कुरकुरीत व्हावी म्हणून. आणि ती तशी राहते किती वेळ? थोडाच. म्हणून आचारी पानाजवळ येऊन बदक कापतो. त्याच हॉटेलातलं तेच बदक डब्यात भरून तासाभरानं घरी खाल्लं, तर ते दुसऱ्या नंबरचंही राहणार नाही.

पोंकाचं गणित याहून कडक आहे. तिथं कातडी नरम पडते, इथं दाण्याचा गोडवाच जातो. सकाळी कापलेलं कणीस दुपारी भट्टीत गेलं तर दाणा गोड. तेच कणीस गोणीत रात्रभर राहिलं की गोडी उतरते, दाणा पिठूळ लागतो, आणि मग शेव जास्त घालावी लागते. मी तर म्हणतो की दुकानदारानं न विचारता शेवेचा ढीग पुढे केला तर सावध व्हा. उरलेला पोंक दुसऱ्या दिवशी वड्यात जातो असाही माझा संशय आहे, आणि वडे चांगले लागतात ही गोष्ट त्या संशयाच्या आड येत नाही. चीजवाल्या पोंकवड्यावर मी काही बोलणार नाही.

मग ताजं कणीस यायचं कुठून? हजिऱ्याकडचा पोंक एके काळी नावाजलेला होता. आज त्या बाजूला खत, पोलाद आणि गॅसचे कारखाने आहेत. आपल्या चलथाण-बारडोली पट्ट्यात काकरापार-उकाईच्या कालव्यांचं पाणी खेळलं तसा ऊस पसरला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ऊस लावला की सहकारी कारखाना तो नेणार, खोडव्यावर पुढचं पीकही निघणार. हुरड्याची ज्वारी म्हणजे रोजची कटकट. सगळी कणसं एकदम तयार होत नाहीत, म्हणून उभ्या पिकात फिरून नेमकी तेवढीच निवडून कापायची. पाखरं टपलेली असतात ती वेगळीच. थोडे दिवस चुकले की दाणा टणक होतो आणि पोंकवाला फिरकत नाही. पोंकाला किलोमागे काही शे रुपये पडतात म्हणून आपण कुरकुरतो, पण ते पैसे या निवडण्याचे आहेत. अठवा फार्मवर कृषी विद्यापीठाचं ज्वारी संशोधन केंद्र आहे. सुरत शहराच्या पोटात ज्वारीवर संशोधन होतं, पण शहराभोवती ज्वारी शोधावी लागते.

आता एक गोष्ट, जी या वादात कुणी काढत नाही. पोंकाचा हंगाम तोच ऊसतोडीचा हंगाम. पोंकनगरीत गर्दी उसळते त्याच महिन्यांत आपल्या आजूबाजूला धुळे, नंदुरबार आणि डांगातून आलेल्या टोळ्यांचे तळ पडलेले असतात. चलथाणला रेल्वेतून उतरून चालत निघालात तरी उसाची वाहनं आणि पालं दिसतील. नवरा-बायको मिळून एक कोयता. खायला ज्वारी मिळते ती खावटी म्हणून, आणि हंगामाच्या शेवटी तिची किंमत हिशेबातून वळती होते. एकाच मोसमात, एकाच तालुक्यात, एकच धान्य. कुणाच्या डोक्यावर ते उधारी म्हणून चढतं, आणि आपण त्याला तारे देतो. हुरडा कसा असावा हे ज्यांना आपल्यापेक्षा शंभरपट कळतं ती माणसं कॉलेजपासून फार लांब नाहीत, मराठी-अहिराणी बोलतात, आणि आपल्या मंडळानं आजवर हुरड्यावर कविता मागवल्या पण त्यांच्याशी बोलायला कुणाला पाठवलं नाही. यंदाच्या अंकासाठी दोघा-तिघांनी जावं असं मला वाटतं. दमून आलेल्या माणसांपुढे एकदम मोबाइल धरू नये, सुट्टीच्या दिवशी जावं, एवढं भान ठेवलं की पुरे.

बाकी ज्यांना फक्त खायचंय त्यांच्यासाठी: भट्टी डोळ्यांसमोर हवी. पोंक हाताला कोमट लागला पाहिजे, वास धुराचा यायला हवा, आणि पहिली चिमूट शेवेशिवाय खायची. पार्सल नको, प्लास्टिकच्या पिशवीत तो घामेजतो आणि उधन्याला पोचेपर्यंत वास सोडतो. शंभर ग्रॅम घ्यायचा, उभ्याउभ्या संपवायचा, वाटलं तर पुन्हा शंभर. आणि पैसे द्यायच्या आधी भट्टीवाल्याला विचारा, "काका, आज कणीस कुठल्या गावाचं, कापलं कधी?" गावाचं नाव पटकन आलं तर थांबा. तो तुमच्याकडे बघतच राहिला, तर ताक प्या आणि पुढच्या भट्टीकडे चला.