हिपॅटायटिस बीची लस आहे, औषधही आहे; मग सेक्स वर्कर महिलांच्या बाबतीत अडतं कुठे?

मुंबईचा कामाठीपुरा असो की पुण्याची बुधवार पेठ, सेक्स वर्कर महिलांच्या आरोग्याचा विषय निघाला की पहिला शब्द येतो एचआयव्ही. पण त्याच मार्गांनी शरीरात शिरणाऱ्या हिपॅटायटिस बीबद्दल फारसं बोललं जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. अनेकांना वर्षानुवर्षं काहीच त्रास होत नाही. कळतं तेव्हा लिव्हर सिरॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत गोष्ट गेलेली असू शकते.

या महिलांना धोका जास्त का?

हिपॅटायटिस बी रक्त, वीर्य आणि योनीस्रावातून पसरतो. हा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस टिकतो. त्यामुळे कंडोमशिवाय संबंध हे एकमेव कारण नाही. दुसऱ्याने वापरलेली सुई किंवा ब्लेड आणि निर्जंतुक न केलेल्या सुईने काढलेला टॅटू यातूनही संसर्ग होऊ शकतो. हिपॅटायटिस सी मुख्यतः रक्तातून पसरतो.

कंडोम दोन्हीपासून वाचवतो, पण तो वापरण्याचा निर्णय तिच्या एकटीच्या हातात नसतो. जास्त पैसे देऊन कंडोम नाकारणारं गिऱ्हाईक, डोक्यावरचं कर्ज, मारहाणीची भीती, हे सगळं त्या निर्णयात येतं.

मग लस का नाही?

एचआयव्हीवर लस नाही, हिपॅटायटिस बीवर आहे. मात्र भारतात ती सर्व राज्यांतल्या बाळांच्या लसीकरणात २०११ पर्यंत टप्प्याटप्प्याने आली. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेकींना ती लहानपणी मिळालेलीच नाही.

२८ जुलै २०१८ रोजी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जास्त धोका असलेल्या गटांना लस देण्याचाही समावेश आहे.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. पहिला डोस आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. कामासाठी शहर बदलणाऱ्या बाईचा तिसरा डोस कोण लक्षात ठेवणार? आणि "काय काम करतेस?" या प्रश्नानंतर नजर बदलणाऱ्या दवाखान्यात ती पुन्हा का जाईल?

याचं उत्तर एचआयव्हीच्या कामात सापडतं. तिथे वस्तीतल्याच महिला पीअर एज्युकेटर म्हणून गल्लोगल्ली फिरतात, तपासणीसाठी सोबत नेतात. त्याच फेरीत हिपॅटायटिसची तपासणी आणि लस जोडली, तर वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर?

हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक रुग्णांमध्ये बरा होतो. हिपॅटायटिस बीमध्ये प्रत्येकाला औषध लागत नाही. ज्यांना लागतं त्यांचा आजार रोजच्या गोळीने आटोक्यात राहतो. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस मिळणं सगळ्यात महत्त्वाचं.

एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने हा आजार पसरत नाही. आणि तो फक्त "त्या वस्तीचा" आजारही नाही. गिऱ्हाइकाकडून तिला होतो, तसाच गिऱ्हाइकामार्फत त्याच्या घरीही पोहोचतो. तपासणी फक्त तिचीच करून चालणार नाही, ती त्याचीही व्हायला हवी.