गोटा झालेल्या टायरचा हिशेब

चिंचणीहून सकाळी बोईसरकडे निघणाऱ्या रिक्षा आणि बसगाड्यांत तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार असतात, स्थानक गाठू पाहणारे कारकून असतात, शिक्षक आणि विद्यार्थीही असतात. जागा मिळेल की नाही आणि वेळेवर पोहोचू की नाही, एवढेच पाहून ही मंडळी आत शिरतात. चाकांकडे पाहण्याची रीत आपल्या समाजात नाही. वास्तविक गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो प्रत्येक चाकाच्या जेमतेम तळहाताएवढ्या भागातून. वळणे, थांबणे, सावरणे हे सारे तेवढ्या रबरावर अवलंबून असते.

टायरवरच्या खाचा शोभेसाठी नसतात. रस्त्यावरचे पाणी बाजूला सारून रबराला डांबराशी भिडू देणे हे त्यांचे काम. कोरड्या रस्त्यावर गोटा झालेला टायरही चांगली पकड धरतो. किंबहुना शर्यतीच्या मोटारींना कोरड्या धावपट्टीवर बिनखाचांचेच टायर लावतात. फसगत होते ती येथेच. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत झिजलेल्या टायरवर गाडी सुखरूप धावते, मालकाला आपली काटकसर शहाणपणाची वाटू लागते, आणि जूनच्या पहिल्या सरीत धूळ व तेल यांचा निसरडा थर रस्त्यावर पसरला की ब्रेक दाबूनही गाडी पुढेच सरकत राहते.

टायर केव्हा बदलावा हे ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे लहान उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार खाचेची खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी किमान ०.८ मिलिमीटर आणि इतरांसाठी १.६ मिलिमीटर हवी. ही अखेरची हद्द आहे, तिथपर्यंत थांबावेच असा सल्ला नव्हे. शिवाय खाच शाबूत म्हणजे टायर शाबूत, असेही नाही. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात आणि त्यावर पंक्चरवाल्याकडे इलाज नसतो. दारात उन्हात उभी राहून महिन्यातून दोनदा निघणाऱ्या मोटारीचे रबर न झिजताच कडक होते, त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदाराने ‘नवा’ म्हणून पुढे केलेल्या टायरवरही ते वाचावेत.

इतके सोपे असताना टायर बदलले का जात नाहीत? उत्तर अर्थशास्त्राच्या प्राथमिक पाठात आहे. टायर आणखी चार महिने चालवल्याने वाचणारा पैसा मालकाच्या खिशात राहतो. त्या चार महिन्यांचा धोका मात्र प्रवासी, चालक आणि रस्त्याच्या कडेने चालणारा पादचारी यांच्यात वाटला जातो. गाडी भाड्याने चालवणाऱ्याची स्थिती तर अधिकच अवघड: टायर त्याचा नाही आणि जीव त्याचा आहे. सरकारचा व्यवहारही बराच काळ विसंगत होता. सुरक्षिततेच्या या वस्तूवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. उशिरा का होईना, योग्य झाले.

अपघातानंतर ‘टायर फुटला, नशीब!’ हा उद्गार सर्रास ऐकू येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हा युक्तिवाद नाकारला. २०१० साली पुण्याहून मुंबईस येणाऱ्या मोटारीचा मागचा टायर फुटून एका तरुण कर्त्या पुरुषाचा मृत्यू झाला होता. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई मंजूर केली. ही दैवी घटना होती, असे म्हणत विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे हे दैव नसून मानवी निष्काळजीपणा आहे, प्रवासापूर्वी टायरची स्थिती पाहणे चालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र भरपाई मिळायला मृत्यू आधी व्हावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

योग्यता प्रमाणपत्रावर विसंबण्यातही अर्थ नाही. प्रवासी वाहनाची तपासणी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी होते. रोज फेऱ्या मारणाऱ्या रिक्षाचा टायर मधल्या काळात सहज गोटा होऊ शकतो. तारापूरचे जे कारखाने कंत्राटाने बस घेतात, त्यांनी करारात खाचेच्या खोलीची अट घालावी आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस येण्याआधी, फाटकावरच ती मोजावी. मोजणीचे साधन अगदी स्वस्त असते आणि एका चाकाला अर्धे मिनिट पुरते.